ओटावाची काचेची नळी: बंद केलेल्या एका कार्यक्रमाचा अभ्यास

जुलै २००७ मध्ये कॅनडाची राजधानी ओटावा इथल्या नगरपरिषदेने एक छोटा आरोग्य कार्यक्रम मतदान घेऊन बंद केला. शहराचं आरोग्य खातं एप्रिल २००५ पासून क्रॅक (ओढायचं कोकेन) घेणाऱ्या लोकांना काचेच्या नळ्या आणि सोबत लागणारं सामान फुकट देत होतं. कार्यक्रम चालू ठेवा, असं शहराचेच मुख्य आरोग्य अधिकारी डॉ. डेव्हिड सॅलिसबरी सांगत होते. ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांचा मूल्यमापन अहवाल ऑक्टोबर २००६ मध्येच आला होता आणि तो कार्यक्रमाच्या बाजूचा होता. तरी बहुमताने कार्यक्रम थांबला. काही महिन्यांतच ओन्टारियो प्रांताच्या सरकारने पैसे दिले आणि शहराला वळसा घालून, सॉमरसेट वेस्ट या सामुदायिक आरोग्य केंद्रामार्फत तेच वाटप पुन्हा सुरू झालं.

गोष्ट एवढीच आहे. कुणी तुरुंगात गेलं नाही, कुणाची खुर्ची गेली नाही. अभ्यासाला ती घ्यावीशी वाटते कारण हार्म रिडक्शनवरचे, म्हणजे नशा सुटली नाही तरी तिचं नुकसान कमी करण्याच्या धोरणावरचे, वाद एरवी फार धूसर असतात आणि इथे सगळं स्वच्छ दिसतं: वस्तू एक, तारखा ठरलेल्या, मोजमाप झालेलं, निर्णय नोंदवलेला. नळी कशी बनते, कुठे फुटते, ओठाला काय करते, हे तपशील आरोग्य खात्याच्या कामाचे होते. परिषदेतला वाद मात्र नळी देण्याचा अर्थ काय होतो, यावरच झाला. माझं म्हणणं असं की त्या खोलीत ‘नळी द्यायची की नाही’ असा प्रश्न मांडला गेला तिथेच गाडी चुकली, कारण नळी लोकांकडे आधीपासून होती. ती कुठल्या दर्जाची असावी, एवढंच ठरवणं शहराच्या हातात होतं.

आधीची परिस्थिती

ओटावात सुया-सिरिंज बदलून देण्याचा सरकारी कार्यक्रम १९९१ पासून चालू होता. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी यांचं प्रमाण तरीही चिंताजनक राहिलं. २००० नंतर त्याच लोकांमध्ये क्रॅकचं प्रमाण वाढलं. बरेचजण दोन्ही करत: हाताशी सुई असली तर टोचून घ्यायचं, नळी असली तर ओढायचं.

क्रॅक म्हणजे कोकेनचं ओढता येईल असं रूप. कोकेनचं हे रूप साधारण ९८ अंश सेल्सियसला वितळतं आणि त्यापुढे त्याची वाफ होते. वाफ फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते, आणि तितक्याच लवकर, पाच-दहा मिनिटांत, तिचा जोर ओसरतो. म्हणून माणूस पुन्हा ओढतो, आणि पुन्हा. सुईच्या तुलनेत इथे एकेका दिवसातल्या वेळांची संख्या खूप मोठी होऊ शकते. प्रत्येक वेळी तापलेली वस्तू ओठाला लागते.

दुसरी एक गोष्ट या चर्चांमध्ये जवळजवळ कधीच येत नाही. कोकेन हे जागा बधिर करणारं औषध आहे. डोळ्याच्या शस्त्रक्रियांसाठी ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वापरात आलं ते याच गुणामुळे. ओढणाऱ्याचा ओठ भाजतो तेव्हा तो आधीच काहीसा बधिर असतो. चटका बसल्यावर नळी झटक्यात बाजूला करण्याची शरीराची सवय तिथे मंदावते. शिवाय कोकेनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे झालेली जखम भरायलाही वेळ लागतो. ओठांवर फोड, भेगा, खपल्या, आणि त्याच ओठांनी पुढची नळी. ‘काळजी घ्या’ असं नुसतं सांगून इथे काही साधत नाही. चटका बसू नये याची सोय सामानातच करावी लागते.

आणि सामान काय होतं? जे मिळेल ते. थंड पेयाचा अॅल्युमिनियमचा डबा दाबून भोकं पाडलेला. गाडीच्या अँटेनाचा तुकडा. दम्याच्या इनहेलरचं प्लास्टिकचं खोकं. छोट्या बाटलीची मान. डब्याला बाहेरून रंग असतो आणि आतून प्लास्टिकचा पातळ थर. आंच लागली की दोन्ही जळतात आणि धूर ओढणाऱ्याच्या छातीत जातो. अँटेनाचा धातू उष्णता इतक्या वेगाने पुढे नेतो की एका टोकाला लायटर धरला की काही क्षणांत दुसरं टोक पोळतं. साध्या बाटलीची काच तापते, थंड होते, पुन्हा तापते आणि एके दिवशी तडकते. तिची धारदार कड ओठाला कापते. नळीत जाळी म्हणून भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा बोळा कोंबलेला असायचा. त्या तारा वारंवार तापून ठिसूळ होतात, त्यांचे तुकडे सुटतात आणि जोरात ओढलेल्या श्वासाबरोबर तोंडात, घशात, कधी त्याही खाली जातात.

हे सगळं कुणाकडे एकट्याचं नसायचं. नळी एकाची, ओढणारे तीन-चार.

पुडक्यातल्या वस्तू

ओटावाच्या पुडक्यात काचेची नळी, रबराचं तोंड, पितळी जाळ्या, लाकडी काडी, ओठांना लावायचं मलम आणि च्युइंग गम असे. यादी वाचून हसू येईल. च्युइंग गम? शहराच्या पैशातून? विरोधकांनी नेमकं हेच केलं. पण एकेका वस्तूमागचं कारण बघितलं तर ही यादी करणाऱ्यांनी ओढणाऱ्यांचं नीट ऐकून घेतलेलं दिसतं.

काच बोरोसिलिकेट प्रकारची, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांची असते तशी. तापमान एका अंशाने वाढलं की ही काच दर दहा लाख भागांमागे साधारण ३.३ भाग प्रसरण पावते. खिडकीची वा बाटलीची साधी काच सुमारे ९ भाग. सगळा फरक या दोन आकड्यांत आहे. लायटरच्या ज्योतीखाली नळीचा एक भाग भाजून निघतो आणि बोटभर अंतरावरचा भाग थंडच असतो. साध्या काचेत या दोन भागांमध्ये ताण निर्माण होतो आणि ती फुटते. बोरोसिलिकेट तो ताण सोसते. न फुटणारी नळी म्हणजे न कापणारी नळी, आणि न कापलेल्या ओठातून नळीवर रक्त येत नाही.

रबराच्या तोंडाची कामं दोन. काचेची उष्णता ओठापर्यंत येऊ द्यायची नाही, हे पहिलं. दुसरं जास्त महत्त्वाचं: नळी चौघांत एकच असली तरी प्रत्येकाकडे आपलं तोंड असेल तर ओठाला ओठाचा अप्रत्यक्ष स्पर्श होत नाही. एक नळी देताना दोन-तीन तोंडं देण्यात म्हणूनच शहाणपण आहे. नळी वाटून घेऊ नका, असं सांगणं सोपं असतं. रात्री दोन वाजता, बाहेर थंडीत, जवळ एकच नळी असताना माणसं ती वाटून घेणारच. मग निदान तोंडं वेगळी असू द्यावीत.

पितळी जाळी तारेच्या बोळ्याऐवजी, कारण तिचे तुकडे सुटत नाहीत. लाकडी काडी जाळी आत ढकलायला आणि नळीला चिकटलेलं खरवडायला. हेच काम लोक लोखंडी तारेने करतात तेव्हा काचेला आतून बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी नळी त्या चऱ्यापासून तडकते. मलम भेगांसाठी. गम सुकलेल्या तोंडासाठी, आणि क्रॅक ओढताना दात एकमेकांवर घट्ट दाबले जातात त्यासाठी.

आता पुडक्याच्या उणिवा. पितळी जाळी अनेकांना आवडत नसे. तारेचा बोळा वितळलेला माल धरून ठेवतो. जाळी एकच टाकली तर माल खाली ओघळतो. पाच-सहा जाळ्या एकावर एक बसवाव्या लागतात आणि त्याला सराव लागतो. परिणाम असा की काहीजण चांगली नळी घेत आणि तिच्यात जुनाच बोळा कोंबत. वाटप करणाऱ्याने जाळ्या कशा बसवायच्या हे हाताने करून दाखवलं नाही तर जाळी पुडक्यातच राहते. रबराच्या तोंडाचंही तसंच. नळीत जमलेला राळेसारखा थर हा ओढणाऱ्याच्या लेखी कचरा नसतो. तो खरवडून पुन्हा ओढता येतो. म्हणून वापरलेली नळी परत आणून द्या म्हटलं की लोक वापरलेली सुई जितक्या सहज परत देतात तितक्या सहज ती देत नाहीत. सुयांच्या कार्यक्रमावरून बेतलेली परतफेडीची अपेक्षा इथे थोडी फसते. सामान सुरक्षित करणाऱ्याला हे ठाऊक हवं. नुसत्या काचेच्या दर्जावर थांबून चालत नाही.

मोजमाप काय सांगत होतं

ओटावा विद्यापीठाच्या लिन लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी सुई आणि क्रॅक दोन्ही वापरणाऱ्या लोकांना रस्त्यावरून गाठून मुलाखती घेतल्या: कार्यक्रमाच्या सहा महिने आधी, आणि सुरू झाल्यावर एक, सहा आणि बारा महिन्यांनी. आधीच्या टप्प्यात ९६ टक्के लोकांनी गेल्या महिन्यात सुई वापरल्याचं सांगितलं. एका महिन्याने हे प्रमाण ८४ टक्के झालं, सहा आणि बारा महिन्यांनी ७८. सामान एकमेकांत वापरणाऱ्यांपैकी ‘दर वेळी’ वाटून घेतो असं सांगणारे ३७ टक्के होते; ते आधी ३१, मग १२ आणि १३ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, पण मूळ अहवाल मतदानाच्या कितीतरी आधी शहराकडे होता.

या आकड्यांकडे दोन नजरांनी बघायला हवं.

पहिली नजर शंकेखोर. तुलनेसाठी दुसरं शहर घेतलेलं नव्हतं. लोक स्वतःबद्दल जे सांगतील ते धरलेलं होतं. बारा महिन्यांत शहरातल्या मालाचा भाव किंवा पुरवठा बदलला असेल तर त्याचाही परिणाम याच आकड्यांत मिसळलेला असणार. सुई कमी झाली म्हणजे क्रॅक ओढणं तेवढं वाढलं, असाही अर्थ निघतो आणि तो खोटा नाही. ज्याला ‘नशा कमी झाली का?’ एवढंच विचारायचं आहे, त्याच्या हाती या अभ्यासातून फारसं काही लागत नाही.

दुसरी नजर सुईकडे बघणारी. सुई थेट रक्तात जाते. एचआयव्ही, हेपॅटायटिस सी, गळू, हृदयाच्या झडपांचा संसर्ग या सगळ्यांचा तो सरळ रस्ता आहे. शंभरातले अठरा लोक महिनाभर सुईपासून दूर राहिले असतील, तर आरोग्य खात्याच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे, मग ते त्या महिन्यात नळी ओढत असले तरी. त्या अहवालातला मला सर्वांत वजनदार वाटणारा भाग हाच, आणि नेमका तोच वादात मागे पडला. सगळे बोलत राहिले ते नळीवरून रोग पसरतो की नाही याबद्दल.

तिथे पुरावा खरंच कच्चा होता. टोरांटोत ५१ क्रॅक ओढणाऱ्यांच्या नळ्या तपासण्यात आल्या, तेव्हा हेपॅटायटिस सीचा विषाणू सापडला तो एकाच नळीवर. म्हणजे विषाणू नळीवर असू शकतो हे दिसलं, पण तो तिथून पुढच्या माणसात किती वेळा जातो हे त्यावरून ठरत नाही. व्हॅन्कूव्हरमध्ये सुई वापरणाऱ्यांच्या मोठ्या गटाचा १९९६ ते २००५ असा पाठपुरावा झाला. त्यातल्या शेवटच्या टप्प्यात रोज क्रॅक ओढणाऱ्यांना एचआयव्ही होण्याचा धोका इतरांच्या २.७४ पट आढळला. पण हा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला, मतदानानंतर दोन वर्षांनी, आणि त्यातही कारण नळीच आहे की क्रॅकसोबतचं बाकीचं जगणं, हे वेगळं काढता येत नाही. श्वासाचे रोग हा धागा त्याहून ठळक होता. व्हॅन्कूव्हरमध्ये २००६-०७ साली न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूची मोठी साथ आली आणि क्रॅक ओढणं हा तिच्यातला एक धोक्याचा घटक निघाला. लंडनमधल्या क्षयरोगाच्या अभ्यासातही क्रॅक वापरणारे रुग्ण जास्त संसर्गजन्य अवस्थेत सापडले. बंद खोलीत, एकत्र बसून, खोल श्वास घेत, खोकत ओढणं. यात नळीपेक्षा खोलीचा दोष जास्त असावा असं मला वाटतं.

थोडक्यात, २००७ साली नगरसेवकाने ‘नळीमुळे इतक्या जणांचा हेपॅटायटिस टळला हे दाखवा’ असं म्हटलं असतं तर ते दाखवणं अशक्य होतं. वर्षभराच्या मुलाखतींतून ते कधीच दिसणार नव्हतं. पण मग त्याच निकषावर डब्याची आणि अँटेनाची बाजू कोण मांडणार होतं?

परिषदेतला वाद

लॅरी ओब्रायन २००६ च्या अखेरीस महापौर झाले होते. पोलीस खात्याचा कार्यक्रमाला उघड विरोध होता. विरोधाचे मुद्दे तीन प्रकारचे होते, आणि ते तिन्ही एकाच तागडीत टाकणं अन्यायाचं होईल.

एक म्हणजे संदेश. शहर जर नळी देत असेल तर शहर नशेला मान्यता देतं. हा मुद्दा आकड्यांनी खोडता येत नाही, कारण तो आकड्यांवर उभा नाही. सुयांचा कार्यक्रम त्याच शहरात सोळा वर्षं चालू होता, आणि त्यातून असा संदेश जातो असं म्हणणारे तोवर बरेच शांत झाले होते. नळी नवी होती म्हणून तिच्यातून संदेश जास्त मोठ्याने ऐकू आला. सुईच्या बाजूला एड्सची भीती उभी होती. नळीच्या बाजूला तितकं भय घालणारं काही नव्हतं.

दुसरा मुद्दा कायद्याचा. कॅनडाच्या फौजदारी संहितेतलं कलम ४६२.२ बेकायदा नशेच्या साधनांची आयात, जाहिरात आणि विक्री गुन्हा ठरवत होतं. आरोग्य कार्यक्रमांवर ते लावलं जाईल का, याबद्दल शंका घेणं वेडेपणाचं नव्हतं. पुढे २०११ मध्ये कॅल्गरीतलं नळीवाटप कायदेशीर आव्हानाच्या शक्यतेवरूनच थांबवलं गेलं. कायद्याची दुसरी बाजू ओढणाऱ्यांना रोज भेटायची: नळीत उरलेला थर हा अमली पदार्थच, त्यामुळे वापरलेली नळी खिशात असणं धोक्याचं. पोलीस दिसले की नळी फेकायची, मोडायची किंवा पोलिसांनी ती मोडायची. मग पुढच्या वेळी शेजाऱ्याची नळी. नळी मिळवायला जितकी अडचण, तितकं वाटून घेणं जास्त, हा संबंध व्हॅन्कूव्हरच्या अभ्यासात पुढे स्पष्ट दिसला. म्हणजे एक खातं नळी देत होतं आणि दुसरं ती काढून घेत होतं, आणि दोघांचे पगार त्याच करातून होत होते.

तिसरा मुद्दा रस्त्यावरच्या काचांचा. फुटपाथवर, बागेत फुटलेल्या नळ्या सापडतात अशी तक्रार होती. मला हा सर्वांत प्रामाणिक मुद्दा वाटतो, कारण ज्याच्या दारात काच पडते त्याला विषाणूंचे आकडे सांगून उपयोग नाही. त्यावर उपाय होते: टाकायला पेट्या, उचलायला माणसं, आणि पोलिसांशी एवढा समझोता की परत आणलेल्या नळीवरून कुणाला धरायचं नाही. कार्यक्रम बंद केल्याने रस्त्यावरच्या काचा कमी झाल्या असत्या असं मानायला मात्र आधार नाही. बाटलीची मानही काचेचीच असते, आणि ती लवकर फुटते.

खर्चाचाही गाजावाजा झाला. शहराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम इतकी किरकोळ होती की तो मुद्दा पहिल्या मुद्द्याचाच वेश बदललेला भाऊ होता. त्यावर जास्त शब्द घालवत नाही.

सॅलिसबरी यांची अडचण लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्याकडे वर्तणूक बदलल्याचा पुरावा होता आणि समोरच्यांना नैतिक आश्वासन हवं होतं. आरोग्य खात्याने या कार्यक्रमाची मांडणी सुरुवातीपासून रोग रोखण्याभोवती केली होती. त्याऐवजी भाजणं, कापणं, तारा छातीत जाणं, सुई सुटणं या दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टी पुढे ठेवल्या असत्या तर निकाल बदललाच असता असं मी म्हणणार नाही. पण विरोधकांना ‘सिद्ध करा’ म्हणण्याची जागा इतकी मोकळी मिळाली नसती.

पुढे जे झालं

प्रांताच्या पैशाने वाटप पुन्हा सुरू झालं, आणि एका अर्थी ते जास्त चांगल्या ठिकाणी गेलं. सामुदायिक केंद्रात नळी घ्यायला आलेल्या माणसाला तिथेच जखमेवर पट्टी, लस, रक्ततपासणी, घराच्या अर्जाला मदत मिळू शकते. क्रॅक ओढणारे अनेकजण सुई वापरत नाहीत. त्यामुळे सुयांच्या केंद्रात जाण्याचं त्यांना कारणच नसतं. नळी हे त्यांच्यासाठी आरोग्य सेवेच्या दारात येण्याचं पहिलं आणि बऱ्याचदा एकमेव निमित्त असतं. पुढे ओन्टारियोच्या प्रांतिक पुरवठा यंत्रणेनेही ओढण्याचं सामान आपल्या यादीत घेतलं.

ओटावात जे मोजायचं राहिलं ते व्हॅन्कूव्हरमध्ये मोजलं गेलं. तिथे आरोग्य यंत्रणेने २०११ च्या अखेरीपासून नळ्या द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात २५ सेंटला नळी देणारी यंत्रंही बसली, आणि वर्तमानपत्रांनी व्हायचा तेवढा कालवा केला. त्या शहरात २००५ ते २०१४ या काळात १,७१८ क्रॅक ओढणाऱ्यांचा पाठपुरावा झाला. केवळ आरोग्य सेवेकडूनच नळी घेणाऱ्यांचं प्रमाण ७.२ टक्क्यांवरून ६२.३ टक्क्यांवर गेलं, आणि त्याच काळात भाजणं, तोंडात जखमा, रक्त खोकणं अशा तक्रारी सांगणारे कमी होत गेले. आरोग्य सेवेकडून नळी घेणाऱ्यांत अशा तक्रारी कमी होत्या. हा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. ओटावाच्या मतदानाला तोवर दहा वर्षं उलटून गेली होती.

नळीने न सुटणारं

चांगली नळी अतिमात्रा (ओव्हरडोस) थांबवत नाही. हे वाटप करणाऱ्याने पुडकं हातात देतानाच सांगायला हवं, कारण ‘सुईपेक्षा सुरक्षित’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात पटकन ‘सुरक्षित’ एवढंच उरतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये दिलेली आकडेवारी बघा. २०२० च्या पहिल्या सहामाहीत अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंपैकी १३.३ टक्क्यांत नशा ओढल्याच्या खुणा होत्या आणि २२.७ टक्क्यांत सुईच्या. २०२२ च्या दुसऱ्या सहामाहीत ओढल्याच्या खुणा २३.१ टक्क्यांत, सुईच्या १६.१ टक्क्यांत. फेंटॅनिल हे अफूच्या जातीचं पण फार तीव्र ओपिऑइड; ते ओढूनही माणूस मरतो. क्रॅकच्या नळीत आधी कुणी फेंटॅनिल ओढलं असेल तर उरलेल्या थरातूनही ओपिऑइडची सवय नसलेल्याला धोका होऊ शकतो. नळी आपली वेगळी ठेवण्याला हे आणखी एक कारण. म्हणून आता ओढण्याच्या सामानासोबत नॅलोक्सोन (ओपिऑइडच्या अतिमात्रेवरचा उतारा) देणं आणि एकट्याने न ओढण्याबद्दल बोलणं हे भाग वेगळे ठेवता येत नाहीत.

देखरेखीखाली नशा करण्याच्या जागांचंही असंच. व्हॅन्कूव्हरचं इनसाइट २००३ मध्ये उघडलं ते सुई वापरणाऱ्यांसाठी. ओढणाऱ्याला तिथे जागा नव्हती. ओढण्याची खोली करायची तर अडचण हवेचीही येते: धूर बाहेर काढणारी, कर्मचाऱ्यांना वाचवणारी वायुवीजनाची सोय महाग असते आणि इमारतीत आधीपासून नसते. कॅनडाच्याच आल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिजमध्ये २०१८ साली ओढण्याच्या खोल्या असलेलं केंद्र उघडलं, आणि २०२० मध्ये बंद झालं.

बायकांचा प्रश्न ओटावाच्या मूल्यमापनात जेवढा यायला हवा होता तेवढा आला नाही असं मला वाटतं. रस्त्यावर नळी ही चलनासारखी वस्तू असते. जिच्याकडे आपली नळी नाही तिला नळी असलेल्याचं ऐकावं लागतं: मालातला वाटा द्यावा लागतो, कधी शरीरही. अशा बाईसाठी स्वतःची नळी म्हणजे एका सौद्यातून सुटका असते. ‘किती वेळा वाटून घेतलं’ या प्रश्नाच्या उत्तरात ‘कुणाच्या अटींवर’ हे येत नाही.

कायदा अजूनही वस्तू बघून वागतो, धोका बघून नाही. ब्रिटनच्या १९७१ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात नशेची साधनं पुरवण्यावर बंदी आहे. सुयांना त्यातून वगळलं गेलं, आणि हेरॉइन ओढायला लागणारी अॅल्युमिनियमची फॉइल देण्याची मुभा २०१४ मध्ये मिळाली, उपचाराच्या दिशेने पाऊल टाकण्याच्या अटीवर. क्रॅकची नळी मात्र बंदीतच राहिली. फॉइल दिली की माणूस सुईकडून ओढण्याकडे वळतो, हा युक्तिवाद तिथे मान्य झाला. ओटावाच्या ९६ आणि ७८ या आकड्यांमागेही तोच युक्तिवाद होता.